सातवं कार्ड

चावाकलीच्या चौकात बोडावाले मोटरसायकली आडव्या लावून गिऱ्हाइकांची वाट बघत बसतात. मुहोंजा तिथून गेली की एरवी कुणीतरी हाक मारायचंच, "मॅडम, या, दुकानापर्यंत सोडतो." त्या शनिवारी सकाळी मात्र कुणी 'या' म्हणालं नाही. वायक्लिफनं दोन्ही हात वर करून सात बोटं दाखवली. त्याच्या मागच्यानं तेच केलं, मग सगळा अड्डाच बोटं नाचवायला लागला.

मुहोंजाला वाटलं, कुणाच्या तरी शाळेला गणवेश हवे असतील. "सात शर्ट की सात जोड?" तिनं विचारलं.

अड्डा खदखदून हसला.

"शर्ट कसले रेफा! कार्डं!" वायक्लिफ म्हणाला. "आज सात काढायची. सहावर हात आखडलात तर आमच्या घरी चूल पेटायची नाही."

"तुला काय माहीत मी किती काढणार ते? मला तरी कुठं माहीत आहे?"

"तुम्हाला नसेल, तुमच्या एल्विसला आहे. म्हणाला, आई आज पहिल्या मिनिटापासून कुणाचीही गय करणार नाही."

मुहोंजा जागच्या जागी थांबली. हे वाक्य तिचंच होतं. गुरुवारी संध्याकाळी उगालीचं, म्हणजे मक्याच्या पिठाच्या घट्ट उकडीचं पातेलं गुडघ्यात धरून लाकडी उलथण्यानं ढवळताना ती बोलली होती, "विनामची बचावफळी आडदांड आहे, पहिल्या मिनिटापासून गय करून चालायचं नाही." समोर एल्विस भाजी निवडत बसला होता. चुलीशी बोललेली गोष्ट दोन दिवसांत चौकात आली होती.

मुहोंजा शाळेचे गणवेश शिवते. पण मारागोलीत तिला शिंपीण म्हणून कुणी ओळखत नाही. बारा गावांत ती 'रेफा' आहे, फुटबॉलची पंच. हे शिट्टीचं वेड तिला लागलं ते नाताळात. नाताळच्या सुट्टीत नैरोबीला गेलेले सगळे घरी येतात आणि गावागावांत बैलाच्या बक्षिसावर सामने लागतात. एका वर्षी अंतिम सामन्यात दोन्ही गावांनी पंचाला असं काही घेरलं की तो शिट्टी टाकून उसाच्या शेतातून पळाला. मुहोंजा मैदानाच्या कडेला उकडलेली मक्याची कणसं विकत होती. तिनं शिट्टी उचलली, स्कर्टला पुसली आणि वाजवली. गंमत म्हणून टाळ्या पडल्या. थोड्याच वेळात तिनं स्वतःच्या थोरल्या दिराला धक्काबुक्कीबद्दल मैदानाबाहेर काढलं, तेव्हा मात्र कुणी हसलं नाही. दिरानं त्या नाताळात तिच्या हातच्या कोंबडीतला पोटा खाल्ला नाही. पोटा हा घरातल्या कर्त्या पुरुषाचा मान. तो नाकारणं म्हणजे घरचं पाणी तोडणं. सासू चार दिवस रडली. नवरा झब्लॉन नाकुरूच्या बस गॅरेजात असतो, तो आल्यावर एवढंच म्हणाला, "दादानं धक्का दिला होता का?" ती म्हणाली, "दिला होता." तो म्हणाला, "मग विषय संपला."

तिथून ती पंचांच्या परीक्षा देत देत दुसऱ्या दर्जाच्या साखळीपर्यंत आली. कार्डं दाखवण्यात तिचा हात सैल, अशी तिची ख्याती होती. लोक म्हणायचे, हिच्या घरी चमचा खाली पडला तरी चमच्याला पिवळं कार्ड मिळतं. आणि त्या शनिवारी मारागोली हिल्स आणि किसुमूकडच्या विनाम बॉइजचा सामना पाहायला नैरोबीहून निरीक्षक येणार होते. मुहोंजाला पहिल्या दर्जाच्या पंचांत घ्यायचं की नाही, हे त्यांनी ठरवायचं होतं. डोंगराच्या या अंगाची एकही बाई आजवर तिथं पोचली नव्हती.

ती दुकानाकडे न जाता तडक घरी आली. एल्विस अंगणात बूट घासत बसला होता, तिचेच, सामन्याचे.

"पैज लावलीस?"

त्यानं मान वर केली. खोटं बोलायची सवय नसलेलं पोर. तोंडावर सगळं उमटलं.

"आई, तू बेकायदेशीर म्हणणार असशील तर ते तसं नाहीये," तो घाईघाईनं म्हणाला. "सरकारी परवाना असलेलं ॲप आहे. हे बघ, खाली नंबरसुद्धा दिलाय. मी एकोणीस वर्षांचा आहे. अठरानंतर चालतं. अख्खा देश खेळतो."

"कशावर लावलीस?"

"कार्डांवर. साडेसहाच्या वर."

"साडेसहा? अर्धं कार्ड कसं दाखवतात रे? खिशातून निम्मं बाहेर काढून?"

"अगं, म्हणजे सात किंवा जास्त. तू गेल्या वेळी किती दाखवलीस ते सगळ्यांना माहीत आहे. मी फक्त हिशोब केला."

"आणि गुरुवारचं माझं बोलणं? तेही सगळ्यांना माहीत होतं?"

एल्विस पुन्हा बूट घासायला लागला.

मुहोंजा त्याच्याशेजारी पायरीवर बसली. तिला एकदम एक गोष्ट आठवली. "एल्विस, तुझं ओळखपत्र आलंय का?"

"कुठं आलंय? वर्ष झालं अर्ज करून. म्हणून तर तुझ्या..." तो बोलता बोलता थांबला. त्यालाही आता दिसलं.

ओळखपत्राशिवाय फोनची लाइन मिळत नाही. मग घरात ज्याचं ओळखपत्र जवळ असेल त्याच्या नावावर सगळ्यांच्या लाइनी निघतात. असं नाही असं एक घर चावाकलीत सापडायचं नाही. मुहोंजाच्या नावावर सासूची लाइन होती, नणंदेची होती, चर्चच्या महिला मंडळाची होती आणि एल्विसचीही होती. कुणी मागितलं की ती ओळखपत्र काढून द्यायची, शेजारणीला चाळण द्यावी तसं. ॲप फोनच्या लाइनीवर चालतं, आणि लाइन ज्याच्या नावावर, खातं त्याचं.

"फोन लाव त्यांना," ती म्हणाली. "माझ्यासमोर. मोठ्या आवाजात ठेव."

बराच वेळ गाणं वाजलं. मग एका मुलीचा गोड आवाज आला, "नमस्कार फेबी मुहोंजा, आपली काय सेवा करू?"

एल्विसच्या फोनमधून त्या परक्या मुलीनं आपलं पूर्ण नाव घेतलं, तसा मुहोंजानं फोन आपल्या हातात घेतला. तिनं सरळ सांगितलं. पैज मी लावलेली नाही, मुलानं लावली आहे, मी त्याच सामन्याची पंच आहे, पैज रद्द करा आणि खातं बंद करा.

ती मुलगी म्हणाली, "मॅडम, खातं आता लगेच थांबवते. दुसऱ्याच्या ओळखीवर खेळणं आमच्या नियमात बसतच नाही. पण लागलेली पैज चौकशी झाल्याशिवाय मला काढता येत नाही. आणि आज शनिवार आहे."

"म्हणजे सामना होईपर्यंत पैज राहणार?"

"राहणार, मॅडम. तक्रारीची नोंद मात्र केली."

फोन ठेवल्यावर एल्विस पुटपुटला, "पण आई, पैज मी लावलीय. मला तर परवानगी आहे."

"तुला आहे रे. पण कागदावर तू आहेसच कुठं? कागदावर मी आहे. मुहोंजानं मुहोंजाच्या शिट्टीवर पैज लावली, एवढंच दिसतं तिथं. गल्लीत जे सगळ्यांना चालतं ते पंचाला चालत नाही. बाजारात दारू विकायला परवाना आहे, म्हणून बस चालवताना पिता येते का?"

गोंधळ ऐकून शेजारची कागेहा कुंपणावरून डोकावली. ती केस विणून द्यायचं दुकान चालवते आणि गावभरच्या अडचणींवर तिच्याकडे तोडगा असतो. "अगं एल्विसच्या आई, यात काय एवढं? फोन टाक विहिरीत. नाहीतर पोट दुखतं म्हण आणि झोप गोधडीत."

"आणि निरीक्षक?"

"मग जा आणि सहाच दाखव. कोण मोजतंय?"

"सगळा अड्डा मोजतोय, कागेहा. सात दाखवली तर चोर आणि मुद्दाम सहावर थांबले तरी चोरच. दुसरी चोरी कुणाला दिसणार नाही, एवढाच फरक." ती उठली. "एल्विस, शर्ट बदल. तू येतोयस माझ्याबरोबर."

"कुठं?"

"तोंड केलंस ना गावभर? आता योग्य ठिकाणी कर."

सामन्याचे अधिकारी होते निवृत्त हेडमास्तर अमुगुने सर. मैदानाशेजारच्या शाळेच्या वर्गात ते संघांचे कागद तपासत बसले होते. शेजारी नैरोबीचे निरीक्षक म्बुगुआ चहा पीत होते. मुहोंजानं दोघांच्या समोर उभं राहून सगळं सांगितलं. काही गाळलं नाही, उगालीचं पातेलंसुद्धा. म्बुगुआंनी कप खाली ठेवला आणि ते खिडकीबाहेर पाहू लागले. त्यांच्या चेहऱ्यावरून काही कळेना.

"मुहोंजाबाई, तुम्ही काय केलंत ते कळतंय का?" अमुगुने सर म्हणाले. "राखीव पंच बाहेर उभा आहे. तुम्हाला घरी पाठवणं माझ्यासाठी सगळ्यात सोपं."

"कळतंय सर."

"कळलं की कळवायचं, एवढं नियम सांगतो. ते तुम्ही केलंत. पुढचं मी एकटा ठरवणार नाही. दोन्ही प्रशिक्षकांना बोलवा. एकाचीही हरकत असेल तर शिट्टी राखीव पंचाकडे."

घरच्या संघाच्या प्रशिक्षकाला अडचण नव्हती. त्यालाही बहुतेक बोटांची भाषा माहीत होती. तो जमिनीकडेच बघत होता. प्रश्न होता विनामच्या ओडेरोचा. ओडेरो म्हणजे दारासारखा रुंद माणूस, आवाज किसुमूच्या सरोवराच्या पलीकडे युगांडात ऐकू जाईल असा. त्यानं सगळं ऐकलं आणि एल्विसला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"हाच का तो?"

"हाच," मुहोंजा म्हणाली.

"आईवर पैज लावलीस?"

"आईच्या... कार्डांवर, सर."

"माझी आई असती तर मी रडण्यावर लावली असती, स्वतःच्याच." ओडेरो मुहोंजाकडे वळला. "मॅडम, या साखळीत पंधरा वर्षं काढली. पैसे खाल्लेले पंच पाहिलेत, पण त्यातला एकही आधी सांगायला आला नाही. घरचा चोर कान धरून जो स्वतः घेऊन येतो, तो माझा सामना काय चोरणार? वाजवा तुम्ही शिट्टी. माझी एकच अट आहे. हे चार भिंतींत ठेवायचं नाही. लाउडस्पीकरवर सांगायचं. म्हणजे नंतर माझी पोरं मला विचारणार नाहीत."

मुहोंजा म्हणाली, "मी सांगते."

"तुम्ही नाही. हा सांगेल."

सामना सुरू होण्याआधी एल्विसनं माइक हातात धरला. अर्धा गाव टेकडीच्या उतारावर बसला होता, बोडावाले झाडांवर चढले होते. एल्विसचा आवाज पहिल्या वाक्याला चिरकला, दुसऱ्याला सापडला. "मी एल्विस केगोडे. आज पंच माझी आई आहे. मी तिच्या नावाच्या लाइनीवरून तिच्या कार्डांवर पैज लावली. तिला माहीत नव्हतं. मी तिचं घरातलं बोलणं बाहेर सांगितलं. चूक माझी आहे."

उतारावर डोकी एकमेकांकडे वळली. मग एका झाडावरून आवाज आला, "पण सात होणार ना?" आणि सगळी टेकडी हसून लोटपोट झाली. मुहोंजा हसली नाही. तिनं शिट्टी ओठांत धरली.

सुरुवातीलाच विनामच्या पाच नंबरनं घरच्या मुलाच्या घोट्यावर सरळ पाय दिला. मुहोंजाचा हात सवयीनं खिशाकडे गेला. कार्ड बाहेर यायच्या आधीच झाडांवरून आरोळी उठली, "एऽऽक!" तिचा हात थबकला. तिनं पाच नंबरला बोलावून नुसतं दटावलं आणि सोडून दिलं.

पुढची काही मिनिटं ती चेंडूच्या मागे नुसती पळत राहिली. आपण आत्ता काय केलं ते तिला नीट माहीत होतं. तिनं फाऊल पाहिलाच नव्हता, आकडा पाहिला होता. आणि पंचाचा पाय घसरला की ते मैदानाला लगेच कळतं. घरच्या मुलांनी पाच नंबरचा हिशोब स्वतःच चुकता करायला घेतला. ढकलाढकली झाली, एकाची कॉलर फाटली. दोघांना कार्डं दाखवावी लागली, थोड्या वेळानं तिसऱ्याला. "तीऽऽन!" झाडं गर्जली.

मध्यंतरात ती वर्गात एकटीच भिंतीला टेकून उभी राहिली. बाहेर एल्विस पाण्याची बाटली घेऊन आला होता. तिनं दार उघडलं नाही. ती स्वतःशीच म्हणाली, मुहोंजा, सख्ख्या दिराला बाहेर काढलंस तेव्हा नाताळ मोजला नव्हतास. मग आज काय मोजतेस? जे दिसेल ते वाजव. उरलेलं ज्यानं त्यानं बघून घ्यावं.

दुसऱ्या सत्रात ती पूर्वीची मुहोंजा झाली. चेंडूच्या मागे दहा पावलांवर, मान ताठ, शिट्टी आखूड आणि कडक. उशिरा पाय घालणाऱ्याला कार्ड. चेंडू लाथाडून वेळ काढणाऱ्याला कार्ड. तिच्या तोंडाजवळ येऊन बोलणाऱ्या मारागोलीच्या कप्तानाला कार्ड. तो शेजारच्याच गल्लीतला, त्याच्या शाळेच्या चड्ड्या तिनंच शिवल्या होत्या. झाडांवरचा आकडा सहावर आला. गोल एक-एक होते आणि टेकडी उभी राहिली होती.

मारागोलीचा आघाडीचा गडी चेंडू घेऊन निघाला आणि स्वतःच्याच पायात पाय अडकून आडवा झाला. "साऽऽत! साऽऽत!" सगळा उतार ओरडला. वायक्लिफ फांदीवरून इतका पुढे झुकला की खालच्यांनी त्याचे पाय धरले. जवळ विनामचा कुणी नव्हताच. मुहोंजानं दोन्ही हात पुढे करून खेळ चालू ठेवला. शिव्या पडल्या. तिच्या नावानं, तिच्या शिलाई यंत्राच्या नावानं. ती धावत राहिली.

आणि मग अगदी शेवटी, राखीव पंचानं वाढीव वेळेचा फलक दाखवल्यानंतर, तोच गडी पुन्हा सुटला. पुढे फक्त गोलकीपर. मागून आलेल्या पाच नंबरनं त्याचा शर्ट मुठीत धरला आणि त्याला मागे खेचून पाडला.

शिट्टी वाजली. झाडांवरून आकडा आला नाही. जो तो तिच्या खिशाकडे बघत होता. विनामच्या राखीव खेळाडूंतला एक उभा राहून खिजवत किंचाळला, "दाखव, दाखव! सातवं! पोराचं भलं कर!"

मुहोंजाचा हात या वेळी थांबला नाही. मागच्या खिशातून सरळ लाल कार्ड निघालं आणि तिनं ते हात पूर्ण ताणून वर धरलं, उन्हात, टेकडीच्या शेवटच्या माणसाला दिसेल असं.

विनामची पोरं तिच्यावर धावून आली. तेवढ्यात रेषेबाहेरून ओडेरोचा आवाज फुटला. "मागे व्हा! एकही जण तिच्या अंगावर जाणार नाही! शर्ट धरला होता की नाही त्यानं? मी इथून पाहिलाय, माझ्या म्हाताऱ्या डोळ्यांनी! कार्डच आहे ते!" मग तो पाच नंबरकडे वळला. "आणि तू गाढवा, ये बाहेर. तुझ्या घरी आता मी फोन करतो."

पोरं मागे सरली. पाच नंबर मान खाली घालून निघाला. फ्री किक भिंतीवरून वळून जाळीत गेली आणि मारागोली हिल्स जिंकलं. टेकडी खाली कोसळली. पण लोक कप्तानाकडे धावले नाहीत. बायकांचा घोळका किलकाऱ्या मारत मैदानाच्या मध्यावर मुहोंजाभोवती जमला. कागेहानं कमरेला गुंडाळलेलं लेसोचं रंगीत कापड सोडून तिच्या खांद्यावर टाकलं. हरलेला ओडेरो गर्दीतून वाट काढत आला आणि त्यानं तिचा हात दोन्ही हातांत धरला. "हरलो त्याचं वाईट वाटतंय, मॅडम. पण तुमच्यामुळे हरलो नाही. पुढच्या वेळी किसुमूला या, मासा खाऊ घालतो. सामना संपल्यावर, आधी नाही."

वायक्लिफ मोटरसायकल घेऊन हजर होता, तोंडभर हसू. "रेफा, बसा! आज फुकट! आयुष्यभर फुकट!"

"तुझ्या गाडीवर आज मी पैसे देऊनही बसणार नाही," मुहोंजा म्हणाली. "जिंकलास ते तुझ्या नशिबानं, माझ्या कृपेनं नाही. आणि ते पैसे आधी चुलीपर्यंत पोचव. पुढच्या शनिवारी हरशील तेव्हा माझ्या दारात येऊ नकोस."

निरीक्षक म्बुगुआ शाळेच्या दारात थांबले होते. एल्विस बॅग घेऊन आईच्या मागे उभा राहिला.

"मुहोंजाबाई," ते म्हणाले, "पहिल्या दर्जाला तुमची शिफारस करतोय. सकाळी वर्गात बोललात तेव्हाच अर्धं ठरलं होतं. उरलेलं शेवटच्या कार्डानं ठरलं. पण माझी एक तक्रार आहे."

"पाच नंबर," मुहोंजा म्हणाली. "सुरुवातीचा घोटा."

"बरोबर. ते कार्ड होतं. तेव्हाच दिलं असतं तर अर्धी भांडणं झाली नसती."

"हो सर. तेवढा वेळ मी पंच नव्हते. पुन्हा तसं होणार नाही."

ॲपच्या कंपनीनं आठवडाभरानं खातं कायमचं बंद केलं आणि पैज रद्द करून लावलेली रक्कम तेवढी परत पाठवली. एल्विसनं ती चर्चच्या पेटीत टाकली, आईनं न सांगता. मुहोंजानं आपल्या नावावरच्या सगळ्या लाइनी ज्यांच्या त्यांच्या नावावर करायला लावल्या. सासू कुरकुरली, महिला मंडळानं ठरावच केला, पण ती हटली नाही. एल्विस रोज सकाळी सरकारी कचेरीच्या रांगेत उभा राहू लागला. ओळखपत्र हातात आलं तेव्हा त्यानं ते आधी आईला नेऊन दाखवलं. तिनं फोटो पाहिला आणि म्हणाली, "कान तुझ्या बापाचे आलेत. पण नाव मात्र तुझं आहे. आता नीट सांभाळ."

पण त्या शनिवारी संध्याकाळी हे सगळं अजून पुढेच होतं. दोघं मायलेकरं चहाच्या मळ्याच्या कडेनं पायी घरी चालली होती. रस्त्यावरच्या दुकानांतून बायका बाहेर येऊन किलकाऱ्या मारत होत्या. मुलं तिच्या पुढे उलटी धावत हवेत नसलेली कार्डं दाखवत होती. एल्विस चालता चालता बोटं मोजत होता. शेवटी न राहवून त्यानं विचारलंच.

"आई, म्हणजे खरं तर आठ व्हायला हवी होती?"

सकाळपासून पहिल्यांदाच मुहोंजा हसली, इतकी की तिला रस्त्यात थांबून कंबरेवर हात ठेवावे लागले.

"आठ," ती म्हणाली. "आणि नववं आता तुला. चल पुढे."